नागपुरात राहणारे अनिवासी

बँकेच्या व्यवहारात ‘अनिवासी’ हा शब्द आला की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला मुलगा किंवा दुबईतला पुतण्या उभा राहतो. आपल्या समाजात तर असा एखादा ‘एनआरआय’ नसलेले घर शोधावे लागेल. परंतु याच नागपुरात आणखी एक अनिवासी राहतो. तो जरीपटक्यात किंवा खामल्यात भाड्याच्या घरात राहतो, इतवारीतून माल उचलतो, शहराबाहेर क्वचितच जातो, आणि तरीही त्याच्या पासबुकावर ‘अनिवासी सामान्य खाते’ असे छापलेले असते. हा माणूस सिंध प्रांतातून आलेला, पाकिस्तानी पारपत्र बाळगणारा हिंदू व्यापारी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाकिस्तान व बांगलादेशातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अल्पसंख्याकांपैकी ज्यांना केंद्र सरकारने दीर्घ मुदतीचा व्हिसा दिला आहे, त्यांना असे एकच एनआरओ खाते उघडता येते, आणि नागरिकत्व मिळाले की ते निवासी खात्यात बदलले जाते. नियम उदार आहे, यात शंका नाही. पूर्वी एवढेही नव्हते. पण ज्याने शेजारच्या देशातले घरदार मोकळा श्वास घेण्यासाठी सोडले, त्याला येथे पोहोचल्यावर मिळालेली पहिली ओळख ‘येथे न राहणारा’ अशी आहे, हे माझ्या मनाला कायम टोचत राहिले.

देश सोडण्याचा विचार आपल्या तरुणांच्याही मनात घोळत असतो. कॅनडा बरे की ऑस्ट्रेलिया, यावर जेवणाच्या टेबलावर चर्चा झडतात आणि त्यात पगार, हवामान व शाकाहारी जेवणाची सोय हे मुद्दे असतात. सिंधमधल्या व्यापारी कुटुंबाचा विचार वेगळ्या जातीचा असतो. शिकारपूर, जेकबाबाद, सक्कर, घोटकी, लारकाना या पट्ट्यात भाताच्या गिरण्या, धान्याची आडत, सोनेचांदी आणि कापड हे व्यवहार आजही हिंदूंच्या हाती बऱ्याच प्रमाणात आहेत. पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेनुसार तेथील हिंदूंची संख्या सुमारे ३८ लाख असून त्यांतील बहुसंख्य सिंधमध्येच आहेत. दुकान चालते, पैसाही मिळतो. मग सोडायचे कशासाठी? खंडणीसाठी व्यापाऱ्याचे किंवा त्याच्या मुलाचे अपहरण, वयात आलेल्या मुलीला पळवून नेऊन धर्मांतर व निकाह, आणि ईशनिंदेचा आरोप, ज्याला तेथील कायद्यात देहदंडापर्यंत शिक्षा आहे. या तीन गोष्टींची टांगती तलवार डोक्यावर ठेवून वहीखाते लिहावे लागते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये जेकबाबाद परिसरातली शेकडो माणसे यात्रेच्या व्हिसावर वाघा ओलांडून आली, तेव्हा त्यांतील किती परत जाणार याचीच चर्चा दोन्हीकडच्या वृत्तपत्रांत होती. सप्टेंबर २०१९ मध्ये घोटकीत एका हिंदू मुख्याध्यापकावर ईशनिंदेचा आरोप झाला आणि जमावाने शाळा व मंदिराची नासधूस केली. सक्तीच्या धर्मांतराविरुद्धचे विधेयक सिंध विधानसभेने २०१६ मध्ये मंजूर केले होते, परंतु राज्यपालांनी ते परत पाठवले आणि ते कायदा होऊ शकले नाही.

हेही सांगितले पाहिजे की सिंध म्हणजे केवळ भीतीचा प्रदेश नव्हे. उडेरोलाल येथे झुलेलालांच्या स्थानावर आजही हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकतात. येथे आलेली वडीलधारी माणसे शेजाऱ्यांच्या भल्या आठवणी सांगतात, आणि दंगलीच्या रात्री कोणी आपल्याला घरात लपवले हेही सांगतात. म्हणूनच निर्णय अवघड होतो. सगळेच वाईट असते तर बैलगाडी जुंपून निघायला वेळ लागला नसता.

२०२४ च्या पावसाळ्यात असाच एक प्रश्न माझ्यापुढे आला. जरीपटक्यातले एक गृहस्थ बँकेच्या दिवसांपासून परिचित. मार्च २०१५ मध्ये पत्नी आणि मुलासह शिकारपूरहून आलेले, आता भारताचे नागरिक झालेले. ते म्हणाले, “साहेब, पुतण्या तिकडे आहे. छोटी भातगिरणी आहे, दोन मुली आहेत, थोरली चौदाची झाली. रोज फोन करतो, चाचा, येऊ की नको? तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, त्याला काय सांगू?”

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. भावनेने उत्तर एकच होते, पण हिशेबाने मांडायचे तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. त्या निमित्ताने जे मांडले, ते येथे थोडे विस्ताराने देतो, कारण आपण व्यापारी माणसे आहोत आणि या हिशेबातले काही रकाने आपल्याशी संबंधित आहेत.

पहिला रकाना पतीचा. शिकारपूरचे नाव बँकिंगच्या इतिहासात मोठे आहे. तेथील सराफांच्या हुंड्या काबूल, कंदाहार, बुखाऱ्यापर्यंत वटत असत. कागदाच्या एका चिठ्ठीवर वाळवंटापलीकडचा अनोळखी माणूस रोकड मोजून देई. त्याच गावचा माणूस नागपुरात आला की त्याला पंधरा दिवसांच्या उधारीवर कापडाचा एक गठ्ठा मिळायलाही जामीनदार लागतो. यात इतवारीच्या व्यापाऱ्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. ज्याचा पत्ता दर नूतनीकरणाला बदलू शकतो, त्याला उधार देताना हात आखडणारच. पत म्हणजे तीन पिढ्यांचा शेजार. ती सामानात बांधून आणता येत नाही.

दुसरा रकाना मालमत्तेचा. तिकडे गिरणी विकायला काढली की आठ दिवसांत गावाला कळते, आणि गावाला कळले की भाव पडतो. आलेला पैसा इकडे सरळ बँकेतून आणावा तर दोन देशांमध्ये तसा सुरळीत मार्ग नाही. १९४७ नंतर आलेल्या निर्वासितांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तरी नोंदले गेले, आणि १९५४ च्या कायद्याने त्यांना कमीअधिक भरपाई मिळाली. आज येणाऱ्याला तसला दावा कोठेही करता येत नाही.

येथे आल्यावर मात्र सरकारने बऱ्याच सोयी केल्या आहेत. २०१६ पासून दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील या अल्पसंख्याकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना काढता येतो, आणि राहण्यासाठी एक घर व स्वतःच्या धंद्यासाठी एक जागा विकत घेता येते. यातली मेख बँकवाल्याला चटकन दिसते. घेतलेली जागा नागरिकत्व मिळाल्यानंतरच विकता येते. त्याआधी हस्तांतर करायचे तर पोलीस खात्याची पूर्वपरवानगी लागते. जी जागा मोकळेपणी विकता येत नाही, ती गहाण ठेवून घ्यायला कोणता व्यवस्थापक राजी होईल? म्हणजे घर आहे पण ते भांडवल नाही. ज्याने आयुष्यभर मालावर कर्ज आणि कर्जावर माल असा धंदा केला, त्याला रोखीच्या चौकटीत बसावे लागते. अशी माणसे मग पापड, तयार कपडे, मोबाइलचे सुटे सामान यांच्या किरकोळ विक्रीत का अडकून राहतात, याचे उत्तर त्यांच्या बुद्धीत शोधू नये.

डॉक्टरांची गत तर आणखी कठीण. पाकिस्तानातून एमबीबीएस होऊन आलेले कित्येक जण वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानात किंवा दुसऱ्याच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून बसले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या अशा अल्पसंख्याक डॉक्टरांसाठी अर्ज करण्याची वाट उघडली. तोवर अनेकांच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती.

तिसरा रकाना हिंडण्याफिरण्याचा. व्हिसा ज्या ठिकाणचा, तेथेच राहायचे. पत्ता बदलला की परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचे. राज्याबाहेर बिऱ्हाड हलवायचे तर पुन्हा अर्ज. पुढे राज्याच्या आत फिरण्याची मोकळीक मिळाली, तरी माल बघायला सुरतेला जावे तर मनात धाकधूक असतेच. आपल्याकडे श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही, असा नियम आपण स्वतःहून घेतो आणि त्यातून निवृत्तीचा आनंद मिळतो. तीच मर्यादा शिक्का मारून दुसऱ्याने घातली की तिचे काय होते, ते या लोकांना विचारावे.

आता जमेची बाजू. ती मोजायला वही अपुरी पडते. या गृहस्थांच्या पत्नीने एकदा घरच्यांना सांगितले होते की नागपुरात आल्यावर पहिले कित्येक महिने ती संध्याकाळी केवळ चालायला बाहेर पडत असे. काही घ्यायचे नसे, कोठे जायचे नसे. दिवेलागणीनंतर कोणी सोबत नसताना बाजारातून चालता येते, एवढेच पुन्हा पुन्हा करून बघायचे. दारावर स्वस्तिक काढायचे, दुकानात देवाचा फोटो ग्राहकाला दिसेल असा लावायचा, मुलीला महाविद्यालयात पाठवून ती येईपर्यंत खिडकीत उभे राहायचे नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी लोक देश सोडतात, ते पुष्कळदा एवढ्याच आकाराचे असते. आपल्याला ते जन्मतः मिळाल्यामुळे आपण त्याची किंमत लावत नाही.

तेव्हा मी सांगितले ते असे: मुलींसाठी यायचे असेल तर येऊ दे, पण स्वतःसाठी दहा-बारा वर्षे धंद्यात पुन्हा उमेदवार होण्याची तयारी ठेवून येऊ दे. तिकडची ‘शेठ’ ही हाक तिकडेच राहील. आणि गिरणीला पुरता भाव मिळेपर्यंत थांबू नकोस, असेही कळवा.

हा विषय जैन मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या सहा समाजांना २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने सवलत दिली, त्यांत आपले नाव आहे. प्रत्यक्षात पाकिस्तानात आज जैन कुटुंबे जवळजवळ उरलेली नाहीत. पण एके काळी होती, आणि ती याच वाटेने आली. मुंबईत पायधुणीला ज्या गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन आपण घेतो, ते नाव थरपारकर जिल्ह्यातल्या नगरपारकरजवळच्या गोरी येथील मंदिराशी जोडलेले आहे. ते मंदिर आज मूर्तीविना उभे आहे. मुलतानच्या दिगंबर श्रावकांना पंडित टोडरमलजींनी जयपूरहून लिहिलेली ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ आजही स्वाध्यायात वाचली जाते. फाळणीनंतर त्याच मुलतानची मंडळी जयपूरला आली आणि आदर्शनगरात त्यांनी आपले मंदिर उभारले. गुजरांवाला येथे आचार्य आत्मारामजींचे समाधिस्थान आहे. १९४७ च्या चातुर्मासात आचार्य विजयवल्लभसूरी तेथेच होते. सर्व श्रावक सुखरूप निघाल्याखेरीज मी हलणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली होती, असे समाजात आदराने सांगितले जाते. पुढे सकल संघासह ते अमृतसरला पोहोचले.

त्या वेळी आलेल्यांना कोणी अनिवासी म्हटले नाही. संविधानाच्या अनुच्छेद ६ प्रमाणे १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे स्थायिक झालेले थेट नागरिक ठरले. त्यानंतर येणाऱ्यांना सहा महिन्यांचे वास्तव्य दाखवून नोंदणी करावी लागली. म्हणजे तारखेची रेघ तेव्हाही होती, पण तिच्या दोन्ही बाजूंमधले अंतर सहा महिन्यांचे होते. आजची रेघ ३१ डिसेंबर २०१४ ही आहे. तिच्या आधी आलेल्या सहा समाजांच्या लोकांना पाच वर्षांच्या वास्तव्यावर देशीयीकरणाने नागरिकत्व मागता येते. ११ मार्च २०२४ रोजी त्याचे नियम निघाले, आणि १५ मे २०२४ ला दिल्लीत पहिली चौदा प्रमाणपत्रे दिली गेली. या नियमांमुळे मुदत संपलेली कागदपत्रेही चालतात. पूर्वी पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचा दाखला दिल्लीतल्या त्यांच्याच उच्चायुक्तालयातून आणावा लागे. आता स्वतःचे घोषणापत्र पुरते. अर्जदार कोणत्या धर्माचा, याबद्दल स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचे प्रमाणपत्र मात्र लागते. आपल्या संस्थांच्या विश्वस्तांनी ही तरतूद वाचून ठेवावी, इतकेच सुचवतो. धर्माच्या आधारे अशी निवड करावी का, यावर देशात तीव्र मतभेद आहेत आणि सर्वोच्च न्यायालयापुढे याचिका आहेत. पाकिस्तानात अहमदियांचा छळ होतो, पण ते या यादीत नाहीत. अनेकान्त मानणाऱ्यांनी निदान तो प्रश्न ऐकून घ्यायला हवा, असे माझे मत आहे.

नागपूरकरांना एक फायदा आधीच मिळालेला होता. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने देशातील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सोपवले. महाराष्ट्रातून त्यांत मुंबई, पुणे, ठाणे यांच्यासह नागपूर होते. त्यामुळे फायलीला दिल्लीचा प्रवास उरला नाही. राजस्थानात जोधपूरकडे आलेली काही कुटुंबे वाट पाहून थकली आणि परत सीमेपलीकडे गेली, अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. कशासाठी आलो होतो, याचा विसर पाडण्याइतकी ताकद प्रतीक्षेत असते.

आणि मग २०२५ चा एप्रिल आला. २२ तारखेला पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी अटारीची चौकी बंद करण्याचा निर्णय झाला. २४ ला पाकिस्तानी नागरिकांची व्हिसासेवा थांबवली आणि दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. सरकारने दुःखी आणि संतप्त देशाच्या वतीने जे करायचे ते केले. परंतु त्या दोन-तीन दिवसांत जरीपटक्यातल्या कित्येक घरांत चूल धड पेटली नाही. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असा खुलासा आला, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला. नुकतेच आलेले आणि ज्यांचा दीर्घ मुदतीचा अर्ज व्हायचा होता, त्यांची धावपळ काही दिवस चालली. रेल्वेची वाट तर आधीच बंद होती. मुनाबाव-खोखरापार मार्गावरची थार एक्सप्रेस आणि अटारीची समझोता एक्सप्रेस या दोन्ही २०१९ च्या ऑगस्टपासून थांबलेल्या आहेत.

शिकारपूरच्या पुतण्याने गिरणीचा सौदा जवळजवळ पक्का केला होता. खरेदीदार दोन लाख कमी देत होता, म्हणून तो दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, मग रब्बीनंतर असे करत थांबला. तो अजून तिकडेच आहे. थोरल्या मुलीची शाळा बंद करून तिला घरी बसवली आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचा नवा कायदा लागू झाला. त्यासोबतच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या या अल्पसंख्याकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली. त्याने हाकलले जाण्याची भीती गेली, पण नागरिकत्वाची तारीख पुढे सरकली नाही. ती २०१४ चीच आहे. आमचे गृहस्थ मार्च २०१५ मध्ये आले, म्हणजे तीन महिन्यांनी हुकले. त्यांना नागरिकत्व मिळाले ते मूळ कायद्याच्या कलम ५ खाली. त्यांचे वडील १९३८ साली, अखंड हिंदुस्थानात जन्मलेले होते. स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक जण अखंड हिंदुस्थानात जन्मलेला असेल, तर माणूस भारतीय वंशाचा धरला जातो आणि सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणी होते. आजोबांचा जन्म त्यात धरत नाहीत. पत्नीचे आईवडील दोघेही फाळणीनंतर जन्मलेले, म्हणून त्यांना ही वाट नाही. पती नागरिक झाल्यावर ‘नागरिकाची पत्नी’ म्हणून त्यांनी अर्ज केला आहे. मुलगा १९९२ चा. त्याला बारा वर्षे पुरी होण्याची, म्हणजे २०२७ ची वाट पाहायची. सून सक्करची, तिची फाईल मुलाच्या मागे. नातू मेयो रुग्णालयात २०२१ साली जन्मला. २००४ च्या डिसेंबरनंतर जन्मलेल्या मुलाला आईवडिलांपैकी एक जण तरी भारतीय असल्याशिवाय जन्माने नागरिकत्व मिळत नाही, म्हणून तोही परदेशी. घरात पाच माणसे, पासबुके चार. त्यांतले एक निवासी आणि तीन अनिवासी. नातवाचे खाते अजून उघडलेले नाही. सुकन्या नाही तर निदान आवर्ती ठेव तरी काढावी म्हणून आजोबा मागे लागले आहेत, आणि त्यासाठीच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना आहे.